तीन तांब्यांचा एक

"आजीबाई, खरं सांगा. घरात मीठ कोण घालतं?"

दर्यापूरच्या डॉक्टरनं मला आजीबाई म्हटलं. तेव्हा मी पन्नाशीलाही टेकले नव्हते आणि डोक्यात मोजून चार केस पांढरे होते. दुसरी वेळ असती तर त्याच्या आईचं वय विचारलं असतं. पण समोरच्या टेबलावर हे झोपलेले, दंडाला पट्टा आवळलेला, आणि यंत्रातला पारा खाली यायचं नाव घेत नव्हता. म्हणून मी ते गिळलं.

"मीच घालत होती," मी म्हणाले. "पण वीस दिवस झाले, भाजीत खडा पडला नाही."

"लोणचं?"

"बरणी शेजारणीला देऊन टाकली."

"पापड?"

"पापडाचं नाव काढलं तरी मी यांच्यावर डोळे वटारते."

डॉक्टरनं यांच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. ओल्या मातीत रुतावं तसा खड्डा पडला, आणि तो खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो.

"मग हे वाढलं कसं?" डॉक्टर म्हणाला. "मी देतो पाणी उतरायची गोळी आणि कुणीतरी देतं मीठ. किडनी थकलीय यांची. असंच चाललं तर दोन महिनेही..." पुढचं त्यानं सोडून दिलं. "कुणीतरी चोरून देतंय, आजीबाई. घरात बघा."

हे टेबलावरूनच म्हणाले, "माह्याकडं पाहू नका, डॉक्टरसाहेब. मले तं सपनातही अळणीच वरण दिसते."

घरात बघा म्हणाला. घरात होतं कोण? हे, मी, आमचा दिगंबर आणि दिगंबरची बायको ललिता. दिगंबर दिवसभर शेतात. म्हणजे बघायचं कुणाकडे, ते मला एस.टी.त बसायच्या आधीच कळलं होतं.

आता आमच्या गावाचं थोडं सांगते. खैरवाडी. पूर्णेच्या दोन्ही काठांनी आमचा खारपाणपट्टा. जमीन काळी, कापूस पांढरा आणि विहिरीचं पाणी खारं. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहात दूध टाकलं की नासतं. नळाच्या पाण्याची टाकी तेव्हा बांधून तयार होती, पण तिच्यात नुसती कबुतरं राहायची. पाहुणे आले की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचे. आम्हाला काही वाटायचं नाही. आम्हीच दुसऱ्या गावी गेलो की तिथलं पाणी बेचव लागायचं. मी याच पट्ट्यात जन्मले, याच पट्ट्यात दिली गेले. पाच जणांची आई झाले, त्यातल्या चार मुली सासरी नांदतात. पाण्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं.

ललिता मात्र वरच्या अंगाची. अकोटच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिकडे संत्र्याचे बगीचे, केळी, आणि पाणी म्हणे साखरेसारखं. खारपाणपट्ट्यात मुलगी द्यायला तिकडचे लोक नाकं मुरडतात. तिच्या बापाला दिगंबर आवडला म्हणून दिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर साऱ्या नात्यागोत्याच्या बाया बसलेल्या, तिला तांब्या दिला. तिनं घोट घेतला आणि सगळ्यांच्या देखत अंगणात थुंकला. मुद्दाम नाही थुंकली, आपसूक झालं असेल. पण थुंकली. माझ्या नणंदा अजून ती गोष्ट सांगून हसतात.

दर्यापूरहून आल्या आल्या मी मिठाची बरणी पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेला. जेवायला बसले की ज्याच्या त्याच्या ताटात चिमूट मी वाढणार. यांच्या ताटात तीही नाही.

"आत्याबाई, कणकेत तरी टाकू द्या," ललिता म्हणाली.

"कणकेत टाकलं की भाकरीत उतरते. भाकर कोण खाते?"

"ज्वारीच्या भाकरीत मीठ कोण टाकते? मी पोळ्यायचं म्हणते. तुमच्या लेकाच्या डब्यातल्या."

"पोळ्या यांनी मागितल्या तं?"

ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला कधीच आवडलं नाही. उलट बोलणारी सून बरी, दोन शब्दांत निकाल लागतो.

आणि माझं औषध चालू होतंच. डॉक्टर पहिल्या खेपेला बोलला होता, पाणी उकळून द्या. उकळून तर कुणीही देईल. माझ्या सासूची रीत याहून पक्की होती. अंगावर सूज आली की तीन तांबे पाणी गंजात, म्हणजे पातेल्यात, चुलीवर ठेवायचं आणि आटवून आटवून एक तांब्या करायचं. जसं गंजातलं पाणी आटतं तसं अंगातलं आटतं, असं ती म्हणायची. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मोठा गंज मी त्याच कामाला वेगळा काढला. पहाटे उठून कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या लावायच्या, फुंकणी घेऊन बसायचं, धूर डोळ्यांत, उन्हं ओट्यावर येईपर्यंत तीन तांब्यांचा एक व्हायचा. मग गाळून, निववून, यांच्या उशाशी. दिवसभर हेच पाणी. त्या गंजाला मी कुणाला हात लावू दिला नाही. घासायला तेवढी ललिता.

आणि यांना ते पाणी आवडायचं. अळणी भाजीकडे बघून तोंड फिरवायचे, पण पाण्याचा पेला समोर आला की चेहरा खुलायचा. एकदा तर भाकरीचा तुकडा पेल्यात बुडवून खाल्ला.

"काय करता हे?"

"लागते व चांगलं," हे म्हणाले. "तुह्या हातच्या पाण्यालेही चव आहे."

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तेव्हा ऐकलेलं पहिलं कौतुक. मी दुसऱ्या दिवशी सव्वातीन तांबे ठेवले.

मग एक दिवस ललिता सापडली. न्हाणीपाशी तो गंज घासायला घेऊन बसली होती आणि तिची उजवी मूठ मिटलेली. मी मागून जाऊन उभी राहिले.

"मूठ उघड."

ती दचकली. "काहून, आत्याबाई?"

"उघड म्हणते नं."

तिनं मूठ उघडली. आत पांढरं, भुरभुरीत, चिमटीपेक्षा जास्तच.

"मीठ!" मी ओरडले. एवढ्या जोरात की शेजारची कौशल्या भिंतीवरून डोकावली. "सापडली चोट्टी! तरी म्हटलं, पेटीले कुलूप आणि मीठ जाते कुठून यांच्या पोटात!"

"आत्याबाई, हे गंजाच्या बुडाले चिकटलेलं आहे. खरवडून काढलं मी. रोज निघते. बकरी चाटते, म्हणून मी पाह्यलं—"

"आता बकरीले साक्षीले आण!"

"चाखून तं पाहा."

"मी? औषधाच्या भांड्यातली घाण चाखू?"

तेव्हा ती जे बोलायचं ते बोललीच. माझ्याकडे न बघता, गंजाकडे बघून. "आपलं पाणीच खारं आहे, आत्याबाई. आटवलं की अजून खारं होते. मामाजीले हेच बाधून राह्यलं."

कौशल्या भिंतीवर. तिच्या देखत मला म्हणते, तुमचं पाणी खारं!

"हे पाणी पेऊन तुह्या सासऱ्यानं नांगर धरला," मी म्हणाले. "हे पाणी पेऊन तुहा नवरा वाढला. चाळीस वर्षं हे पाणी कोणाले बाधलं नाही, अन् तू आली तं बाधाले लागलं? पहिल्या दिवशी थुंकली, अजून थुंकून राह्यली!"

कौशल्या हसली. ललितानं मूठ पाण्यात सोडली आणि गंज घासू लागली.

तिसऱ्या दिवशी फाट्यावरच्या गाडीतून एक कॅन उतरला. पांढरा, झाकणाला कापड बांधलेला. तिच्या भावानं अकोटहून कंडक्टरच्या हाती पाठवलेला. आत पाणी.

"माहेरून काय आलं?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं. "साड्या नाही, चोळ्या नाही, पाणी आलं! राणीसाहेबांना आमचं पचत नाही."

तिनं कॅन उचलून माजघरात ठेवला. दर तिसऱ्या दिवशी एक कॅन येऊ लागला. दिगंबर सायकलच्या मागे बांधून आणायचा आणि माझ्यासमोरून खाली मान घालून न्यायचा. मी गावभर सांगितलं, माझी सून पाणीसुद्धा माहेरचं पिते.

आणि मग गंमत झाली. यांना उतार पडला. पावलांची सूज आधी घोट्यापर्यंत आली, मग घोटेही दिसायला लागले. चौदा दिवसांनी दर्यापूरला नेलं तर डॉक्टरनं दोनदा पट्टा बांधून पाहिला.

"काय केलंत, आजीबाई? मीठचोर सापडला वाटतं?"

"सापडली," मी म्हणाले. "अन् माहं औषधही लागू पडलं."

"कोणतं औषध?"

"घरचं आहे," मी म्हणाले. डॉक्टरला सगळंच सांगायचं नसतं.

पण गावाला सांगितलं. फाट्यावर उतरल्यापासून घरापर्यंत भेटेल त्याला सांगितलं. कौशल्याला तर अंगणात बसवून, तांबे मांडून दाखवलं. तिचे मालक महादेवभाऊ, त्यांचेही पाय सुजायचे, रात्री दम लागायचा.

"तीन ठेवायचे," मी म्हणाले. "तीन म्हणजे तीनच. पावणेतीन नाही. अन् निगुतीनं आटवाचं, भडाभडा जाळ नाही कराचा."

"तुह्या हाताले गुण आहे व, पंचफुला," कौशल्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्याही चुलीवर गंज चढला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. हे ओसरीवर पडलेले. मी कौशल्याकडे गंज बघायला गेले होते, काड्या जास्त लावते की काय म्हणून. परत येताना मागच्या दारानं आले. बघते तर ललिता परसात कडुनिंबाच्या बुडाशी उभी, आणि माझ्या तांब्यातलं पाणी ओतून देत होती. माझं आटवलेलं. पहाटेपासून धूर खाऊन केलेलं. सगळं ओतलं, तांब्या झटकला आणि कॅनचं झाकण उघडून त्यात तिच्या माहेरचं पाणी भरू लागली.

मी तिथं काय काय बोलले ते लिहीत नाही. कडुनिंबाची पानं गळतील. एवढंच की बोलता बोलता मी तिची पिशवी भरली. दिगंबर शेतातून आला तेव्हा पिशवी ओट्यावर होती आणि ललिता पिशवीशेजारी.

"आई, तिले विचार तं खरी, काहून ओतलं," दिगंबर म्हणाला.

"विचाराचं काय? डोळ्यानं पाह्यलं! बापाले गुण येऊन राह्यला ते पाहवत नाही तिले. माह्या हातचं औषध मातीत घालते!"

"आत्याबाई," ललिता म्हणाली, "मी गेली तरी चालते. पण कॅन येऊ द्या. मामाजीले तेवढं—"

"एक थेंब नको तुमचा!"

दिगंबर तिला सायकलवर फाट्यापर्यंत सोडून आला. रात्री जेवला नाही. मी त्याच्या ताटात चिमूट मीठ वाढलं, त्यानं ताट सरकवून दिलं. यांनी विचारलं, "सून कोठी गेली?" मी म्हणाले, माहेरी, आईची आठवण आली. यांनी दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि म्हणाले, "हं. आली पुन्हा चव." मला बरं वाटलं.

आठवा दिवस उजाडला तेव्हा यांचे पाय केळीच्या खांबासारखे झाले होते. आडवं होववेना. उशीला टेकून बसलेले आणि छातीतून घरघर. दिगंबरनं कुणाची तरी जीप आणली. मी निघताना आठवणीनं आटवलेल्या पाण्याची बाटली घेतली. म्हटलं, दवाखान्यातलं पाणी कसलं असेल कोण जाणे.

दर्यापूरला खाटेवर घेतलं, नळी लावली, सुया टोचल्या. डॉक्टर घामाघूम. दुपार टळली तेव्हा कुठे घरघर कमी झाली. मी संधी साधून पेला भरला आणि यांच्या तोंडाशी नेला.

"काय पाजताय?" डॉक्टर दारातून ओरडला.

"पाणी. उकळलेलं. तुम्हीच बोलला होता."

त्यानं माझ्या हातातला पेला घेतला. आधी वास घेतला. मग बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तो तसाच उभा राहिला. शिकलेला माणूस गप्प उभा राहिला की भीती वाटते.

"कुठलं पाणी आहे हे?"

"विहिरीचं. तीन तांब्यांचा एक केला आहे."

"रोज देता?"

"दोन महिने झाले. मधी एकदा सून ओतताना सापडली, म्हणून हाकलली तिले."

तो स्टुलावर बसला. त्यानं मला आजीबाई म्हणायचं सोडून दिलं. "बाई, मिठातला जो भाग यांना बाधतो ना, सोडियम म्हणतात त्याला, तो तुमच्या विहिरीच्या पाण्यात विरघळलेलाच आहे. पाणी उकळलं की वाफ होऊन उडतं ते पाणी. सोडियम उडत नाही, खालीच राहतं. तुम्ही तीन तांब्यांचं मीठ एका तांब्यात गोळा करून यांना पाजत होता."

"उकळल्यानं पाणी शुद्ध होते," मी म्हणाले.

"जंतू मरतात. सोडियम मरत नाही. ते काढायचं तर वेगळं यंत्र लागतं. बारीक पडद्यातून पाणी दाबून काढतं, मीठ अलीकडे ठेवतं. नाहीतर गोड्या पाण्याच्या गावाहून पाणी आणा. तुम्ही हे कधी चाखून पाहिलं का?"

"औषध कोणी चाखते का?"

"चाखा."

मी चाखलं. दोन महिने रोज पहाटे ज्याच्यासाठी फुंकणी मारली ते पाणी मी तेव्हा पहिल्यांदा तोंडात घेतलं. लोणच्याच्या बरणीत तळाशी खार उरतो ना, तसं. आमचं खैरवाडीचं पाणी मला कधी खारं लागलं नव्हतं. पण हे लागलं. मी ते गिळलं. थुंकायची सोय नव्हती, डॉक्टर बघत होता.

डॉक्टर गेल्यावर हे डोळे न उघडता म्हणाले, "मधी पंधरा-वीस दिवस पाणी बेचव होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"मले वाटलं, तू आटवाले कंटाळली. म्हटलं, कशाले टोका. तेवढीच विश्रांती."

पंधरा-वीस दिवस. म्हणजे ज्या दिवसांत सूज उतरली तेच. मी खाटेच्या पायथ्याशी बसून दिवस मोजले, पुढून मोजले, मागून मोजले. कुठूनही मोजले तरी कॅन यायला लागला तिथून उतार, आणि पिशवी भरली तिथून चढ. मीठचोराला मी घरातून हाकललं होतं आणि चोर तिथंच चुलीपाशी फुंकणी घेऊन बसला होता.

पाच दिवसांनी यांना घरी आणलं. दिगंबरनं अमरावतीहून ते पाण्याचं यंत्र आणलं, कुणाला विचारलं नाही, मलाही नाही. भिंतीवर टांगलं. एका नळीतून गोडं पाणी यायचं, थेंबथेंब, आणि दुसरीतून मोरीत खारं. हे त्या पाण्यावर पुढे अकरा वर्षं जगले, आणि अकराही वर्षं म्हणत राहिले की याला चव नाही.

सहाव्या दिवशी मी अकोटची गाडी धरली. दिगंबर म्हणाला, मी येतो. मी म्हणाले, तू गेला होता सोडाले, मी जाते आणाले.

ललिताचं घर बगीच्यात आहे. विहीणबाईंनी पाट टाकला, पाणी दिलं. मी एका दमात तांब्या रिकामा केला, तहानच तशी लागली होती.

"अजून देऊ?" विहीणबाई म्हणाल्या. तोंडावर हसू नव्हतं. "पोरीनं तुमच्याकडं सव्वा वर्ष हे पाणी नाही पेलं. कॅन पाठवले तेही तिनं तोंडाले नाही लावले. भावाले सांगे, मामाजीचं आहे, कमी पडलं नाही पाह्यजे."

म्हणजे मी गावभर जे सांगत होते ते असं होतं.

ललिता दारात येऊन उभी राहिली. वाळली होती.

"चल," मी म्हणाले.

"काहून?"

"हे विचारून राह्यले तुले."

"तुम्ही कशाले आल्या?"

"गाडी इकडंच येत होती."

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. ललिता मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, कौशल्याकाकू अजून आटवतात का पाणी?"

माझ्या हातातला तांब्या खाली आला. सहा दिवस झाले होते. यांच्या पायथ्याशी बसून मी दिवस मोजले, सगळं मोजलं, पण भिंतीपलीकडचे महादेवभाऊ मला एकदाही आठवले नव्हते.

"मी येते," ललिता म्हणाली. "पण आधी त्यायच्या घरी. अन् मी नाही सांगणार. माह्यं कोण ऐकते? तुम्ही सांगाचं."

गाडीतून उतरलो ते सरळ कौशल्याच्या अंगणात. महादेवभाऊ खाटेवर बसलेले, पायांवर गोधडी, गोधडीच्या आत पाय किती सुजलेत ते दिसत होतं. चुलीवर गंज. पाणी निगुतीनं आटत होतं, मी शिकवलं तसंच.

"कौशे, उतरव तो गंज."

"अजून दीड तांब्याचा आहे."

"उतरव म्हणते. हे पाणी भाऊले देऊ नको. हे जहर आहे."

कौशल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या ललिताकडे. "समजलं," ती म्हणाली. "सून आली घरी, अन् तिनं कान भरले."

"कोणी भरले नाही. हे पाणी खारं आहे. आटवलं की जास्त खारं होते. सूज त्याचीच येते. डॉक्टर बोलला."

"चाळीस वर्षं हे पाणी कोणाले नाही बाधलं, अन् आता बाधलं?"

"ते मी बोलली होती."

"तूच बोलली होती! याच भिंतीपाशी!"

आवाज ऐकून दोन-चार बाया आल्या. सगळ्या कौशल्याच्या बाजूच्या. कुणी म्हणालं, उकळल्यानं पाणी शुद्ध होतं. कुणी म्हणालं, तुमच्या मालकाला गुण आला ते आम्ही पाहिलं ना. जे जे मी त्यांना सांगितलं होतं ते सगळं त्या मला परत ऐकवत होत्या, आणि मला मान्य करावं लागेल, पटण्यासारखं ऐकवत होत्या.

"तुह्या नवऱ्याले बरं वाटलं," कौशल्या म्हणाली, "आता माह्या नवऱ्याले वाटू देत नाही तू. गुण आपल्याच घरात राह्यला पाह्यजे तुले."

"माह्या नवऱ्याले गुण माह्या पाण्यानं नाही आला. ललितानं माहं पाणी फेकून माहेरचं पाजलं, त्यानं आला. माह्या पाण्यानं हे मरत होते."

"खोटं!"

"मी चुकली, कौशे."

"तू?" कौशल्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू चुकली? मेल्यावरही मानणार नाही मी!"

माझ्या अंगात वारं शिरलं. मी चुलीसमोर बसकण मारली. आयुष्यभर मी बरोबर आहे म्हणून भांडले, त्याला इतकी ताकद कधी लागली नव्हती. मी डॉक्टरचं सांगितलं, सोडियमचं सांगितलं, त्या बारीक पडद्याचं सांगितलं. कौशल्या मान हलवत राहिली. मग मी भाऊंच्या उशाशी निववून ठेवलेल्या पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे धरला, तिनं तोंड फिरवलं. मग मी तो पेला स्वतःच तोंडाला लावला, एक घोट, दोन घोट, आणि तिसऱ्याला तिच्याच अंगणात ओकले.

"पित्त झालं असंल," कौशल्या म्हणाली.

महादेवभाऊ खाटेवरून बघत होते. बिचाऱ्यांना दम लागलेला, बोलता येत नव्हतं.

मला दुसरं काही सुचेना. मी पदरानं तोंड पुसलं, हात जोडले आणि म्हणाले, "कौशल्या, माह्यामुळं भाऊचे पाय सुजले. मले माफ कर."

कौशल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तू माफी मागून राह्यली?"

"हाव."

"मले?"

"हाव, तुले."

तिनं पदराचं टोक हाताला गुंडाळलं, गंज उचलला आणि चुलीतच ओतला. राख उडाली, वाफ झाली, चूल विझली. मग ती ओरडली, "अगं, कोणीतरी दिगंबरले बलवा! जीप आणा म्हणावं! पंचफुलानं माफी मागितली, म्हणजे माह्या माणसाचं काही खरं नाही!"

महादेवभाऊंना त्याच संध्याकाळी दर्यापूरला नेलं. वाचले. अजून आहेत, कानानं ऐकू येत नाही एवढंच.

जीप गेल्यावर मी आणि ललिता घराकडे निघालो. चार पावलांचं अंतर. ती मागून चालत होती. दाराशी आलो तेव्हा म्हणाली, "आत्याबाई, माह्यी तं राह्यलीच."

"काय राह्यली?"

"माफी."

मी थांबले. उंबऱ्यावर हात ठेवला. ओकून घसा खारा झालेला, आणि सबंध जन्माची एक माफी नुकतीच भिंतीपलीकडे वापरून झाली होती.

"उद्या," मी म्हणाले.

त्याला आता बावीस वर्षं झाली.